एडॅटची कोरी टेप आणि फॉरमॅटची चाळीस मिनिटं

आम्ही गाणी व्हिडिओ कॅसेटवर रेकॉर्ड करायचो असं आजच्या पोरांना सांगितलं की त्यांना वाटतं मावशी काहीतरी गल्लत करतेय. तर गल्लत नाहीये. लग्नाच्या शूटिंगला वापरायचे तसली मोठी काळी कॅसेट, फक्त साधी व्हीएचएस नाही तर एस-व्हीएचएस, आणि त्यावर चित्र एक पण नाही, नुसते आवाजाचे आठ ट्रॅक, ते पण डिजिटल. मशिनचं नाव एडॅट. ९० च्या दशकाच्या शेवटी पुण्यात एका छोट्या स्टुडिओत मी असिस्टंट होते आणि असिस्टंट म्हणजे केबली गुंडाळणे, चहा सांगणे, आणि टेपा फॉरमॅट करणे. पहिल्या दोन कामांबद्दल लिहिण्यासारखं फार काही नाही. तिसऱ्याबद्दल आहे, कारण माझं ठाम मत आहे की त्या काळात सेशन चांगलं होणार का वाईट हे गायक स्टुडिओत यायच्या आदल्या दिवशीच अर्धं ठरलेलं असायचं, आणि ते ठरवणारा माणूस असायचा टेप तयार करणारा. ज्याला कोणी विचारत पण नाही.

थोडी पार्श्वभूमी. एलेसिस ही अमेरिकेतली कंपनी, कीथ बार नावाच्या इंजिनियरने काढलेली. त्यांनी १९९१ च्या जानेवारीत नॅमच्या, म्हणजे वाद्यं आणि ऑडिओच्या सामानाच्या व्यापारी प्रदर्शनात एडॅट दाखवलं आणि १९९२ मध्ये ते बाजारात आलं, किंमत ३९९५ डॉलर. आता ही रक्कम ऐकून कोणी म्हणेल महागच की, पण त्याच्या आधी डिजिटल मल्टिट्रॅक (प्रत्येक वाद्याचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर घेणारं मशिन) म्हणजे सोनी नाहीतर मित्सुबिशीची रिळांवर चालणारी अवाढव्य मशिनं, आणि त्यांच्या किमती लाख डॉलरच्या पलीकडे. त्यामुळे आमच्यासारख्या गल्लीतल्या स्टुडिओला डिजिटल हा शब्द उच्चारायची सोय झाली ती एडॅटमुळेच. एका मशिनमध्ये आठ ट्रॅक, आणि मागे नऊ पिनांची सिंकची, म्हणजे सगळी मशिनं एकदम जुळून चालवणारी केबल लावून मशिनांची माळ करायची, तीन मशिनं जोडली की चोवीस ट्रॅक, आणि कोणाची ऐपत असेल तर सोळा मशिनं जोडून एकशे अठ्ठावीस. आमची ऐपत आधी दोनची होती, मग तिसरं आलं. पहिली दोन जुनी काळ्या तोंडाची, तिसरं एक्सटी, म्हणजे १९९६ चं नवं मॉडेल, जे टेप कितीतरी वेगाने पुढे मागे करायचं त्यामुळे मालक (त्यांना सगळे दादा म्हणायचे) त्याच्यावर फार खूश होते.

आता फॉरमॅट कशाला हवं? साध्या कॅसेट रेकॉर्डरला कोरी टेप टाकली की लगेच रेकॉर्डिंग चालू करता येतं, मग इथे काय नाटक?

त्याचं असं आहे की या मशिनमध्ये हेड, म्हणजे टेपवर लिहिणारा-वाचणारा भाग, एका जागी बसलेलं नसतं. एक चकचकीत ड्रम असतो, एडॅटमध्ये तो मिनिटाला ३००० फेऱ्या मारतो, हेड त्या ड्रमवर असतात आणि टेप त्याच्याभोवती तिरकी गुंडाळली जाते, म्हणजे टेपवर माहिती लिहिली जाते ती लांबच लांब सरळ रेघेत नाही तर अगदी बारीक बारीक तिरक्या पट्ट्यांमध्ये. आठही ट्रॅकचा डेटा त्या पट्ट्यांमध्ये ठराविक खणांत बसलेला. आणि तुम्हाला उद्या फक्त तीन नंबरच्या ट्रॅकवर बासरी परत घ्यायची असेल तर मशिनला त्या प्रत्येक पट्टीतला फक्त तीन नंबरचा खण पुसून लिहायचाय, शेजारच्या तबल्याला धक्का न लावता. हे जमायला हवं तर टेपवर आधीपासूनच कुठे काय आहे याच्या खुणा पाहिजेत, टेप किती वेगाने सरकतेय हे कळायला कडेला कंट्रोल ट्रॅक पाहिजे, आणि प्रत्येक जागेचा वेळ लिहिलेला पाहिजे. फॉरमॅट करताना मशिन हेच करतं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत खुणा घालत जातं. ठिपक्यांची रांगोळी काढतात ना, आधी सगळे ठिपके घालून घ्यायचे आणि मग रेषा, तसं. ठिपका सरकला तर पुढे कितीही हात चांगला असला तरी कमळ वाकडंच येणार.

आणि त्या खुणा किती बारीक? तीन मशिनं एकमेकांशी जुळतात ती एका सॅम्पलपर्यंत, म्हणजे डिजिटल आवाजाच्या सगळ्यात छोट्या तुकड्यापर्यंत, सेकंदाचा ४८००० वा भाग. त्यामुळे एका टेपवर डाव्या माइकचा आवाज आणि दुसऱ्या टेपवर उजव्या माइकचा असं ठेवलं तरी चालायचं. हे सगळं व्हिडिओ कॅसेटवर! मला आजही याचं कौतुक वाटतं.

बरं आता टेप कुठली. एस-व्हीएचएस म्हणजे एस-व्हीएचएसच, यात तडजोड नाही. साध्या व्हीएचएस कॅसेटला खालून एक भोक पाडलं की व्हिडिओ मशिनला ती एस-व्हीएचएस वाटते ही युक्ती तेव्हा सगळ्या शूटिंगवाल्यांना माहीत होती, कारण एस-व्हीएचएसच्या डबीला ओळखीचं भोक असतं आणि मशिन तेवढंच बघतं. पण भोक पाडल्याने आतली टेप बदलत नाही ना. आतलं मॅग्नेटिक कोटिंग वेगळं असतं. लग्नाच्या व्हिडिओत चार पांढरे ठिपके उडाले तर नवरीच्या आईलाही कळत नाही, इथे डेटा गेला की आवाज गेला. दादांच्या एका मित्राने असल्याच ड्रिलवाल्या कॅसेटींचा खोका स्वस्तात देऊ केला होता, तो आम्ही घेतला नाही आणि त्यावरून ते गृहस्थ बरेच दिवस दादांशी धड बोलत नव्हते.

खास एडॅटसाठी म्हणून टेपा यायच्या, एलेसिसच्या स्वतःच्या नावाच्या होत्या, अँपेक्सची ४८९ होती (अँपेक्सचं पुढे क्वांटेजी झालं), पण त्या आपल्याकडे सहज मिळायच्या नाहीत, कोणी परदेशातून येणार असेल तर सांगून ठेवायचं. एरवी बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या बाजूला किंवा मुंबईला कोणी जाणार असेल तर लॅमिंग्टन रोडला, व्हिडिओवाल्यांसाठी जे एस-व्हीएचएस यायचं तेच चांगल्या कंपनीचं बघून घ्यायचं. आणि इथे एक गोम होती जी मॅन्युअल वाचणाऱ्याला गोंधळात टाकायची. मॅन्युअल अमेरिकेचं, त्यात लिहिलेलं की एसटी-१२० टेप वापरा, चाळीस मिनिटं मिळतील. आपल्याकडे व्हिडिओची पाल सिस्टिम, त्यांच्याकडे एनटीएससी, आपल्याकडच्या डबीवर एसई-१८० लिहिलेलं. मग १२० च्या हिशोबाने कोणी एसई-१२० आणली की ती अर्ध्या तासाच्या आतच संपायची आणि माणूस म्हणायचा मशिन बिघडलं! डबीवरचा आकडा मिनिटांचा असतो, तोही व्हिडिओच्या मिनिटांचा, आणि अमेरिकेतली व्हिडिओ टेप आपल्यापेक्षा जोरात पळते. एडॅटला तुमचं पाल एनटीएससी काही कळत नाही, त्याला फक्त टेपची लांबी कळते. अमेरिकेतली १२० म्हणजे साधारण २४७ मीटर, आपली १८० म्हणजे २५८ मीटर. तेव्हा आपली १८० हीच त्यांची १२०, वर थोडी जास्तच. आणि एडॅट टेप पळवतं अमेरिकेतल्या व्हिडिओच्या जवळजवळ तिप्पट वेगाने, म्हणून दोन तासांच्या कॅसेटमधून जेमतेम चाळीस मिनिटं हाती येतात.

अमेरिकेत एसटी-१६० पण मिळायची, नंतरच्या सॉफ्टवेअरला ती चालायची, पन्नासच्या वर मिनिटं मिळायची. मला ती कधीच आवडली नाही. तेवढ्याच डबीत जास्त लांब टेप बसवायची म्हणजे टेप पातळ करावी लागणार, आणि पंच इन पंच आउट करताना (म्हणजे मधलाच तुकडा परत रेकॉर्ड करताना) एकच चार ओळी आपण पुढे मागे करत बसतो, त्यात पातळ टेपचे काय हाल होतात ते बघितलंय.

वापरलेल्या टेपा हा वादाचा मुद्दा. दादांकडे शूटिंगवाल्यांच्या पडून असलेल्या एस-व्हीएचएस भरपूर होत्या आणि त्यांचं म्हणणं, "अगं फॉरमॅट केल्यावर सगळं पुसलंच जातंय ना, मग नवीन कशाला?" पुसलं जातं हे खरं, पण टेपची कड दुमडलेली असेल, कुठे सुरकुती असेल, व्हिडिओवाल्याने एकाच जागी पॉज करून ठेवल्यामुळे कोटिंग घासलं असेल, ते थोडंच पुसलं जातं. मी म्हणायचे, "दादा, डेमोला वापरू, फायनलला नाही." यावर आमचं जमलं होतं. आणि एकदा फॉरमॅट केलेली एडॅटची टेप परत फॉरमॅट करायला हरकत नसायची, पण मी तिच्या लेबलवर एक फुली मारायचे, दुसऱ्यांदा गेली की दुसरी फुली, आणि फुल्या वाढल्या की ती सरावाच्या रिहर्सलच्या खोक्यात.

कोरी टेप आणली की लगेच मशिनमध्ये घालायची नाही. पुण्यातला पाऊस, स्कूटरच्या डिकीतून आलेली टेप, आणि आत एसी लावलेली थंडगार कंट्रोल रूम. बाहेरची दमट हवा डबीत असते, थंड जागी आली की ड्रमवर दव धरतं, आणि ओल्या ड्रमला टेप चिकटली की टेपही गेली आणि हेडही. निदान एक रात्र टेपा त्याच खोलीत राहू द्यायच्या, कव्हरचं प्लास्टिक काढून. मुंबईतले स्टुडिओवाले तर या बाबतीत आमच्याहून जास्त कडक होते, समुद्राजवळच्या हवेत टेपांना बुरशी लवकर धरते, त्यामुळे कपाटात बल्ब लावून ठेवणारे लोक मी बघितलेत.

मग पॅक करायची. म्हणजे काय तर एकदा पूर्ण पुढे पळवायची, अगदी शेवटपर्यंत, आणि पूर्ण मागे आणायची. फॅक्टरीत टेप कशी गुंडाळली गेली, बोटीत, ट्रकमध्ये, गोडाऊनमध्ये काय झालं हे आपल्याला माहीत नसतं, कुठे घट्ट कुठे सैल असते. एकदा आपल्या मशिनच्या ताणाने पुढे मागे झाली की सगळीकडे सारखी बसते, आणि टेप कापताना राहिलेला बारीक भुगा असतो तोही सुटून जातो. बरेच लोक ही पायरी गाळायचे. माझ्या मते सगळ्यात जास्त त्रास हीच पायरी गाळल्याने व्हायचा, कारण सैल जागेवर फॉरमॅट झालं की खुणा त्या सैल ताणातच लिहिल्या जातात, आणि दहा वेळा रिवाइंड झाल्यावर तो ताण बदललेला असतो.

हेडची सफाई मी फॉरमॅटच्या आधी करायचे, सेशनच्या आधी नाही. बाजारात मिळणाऱ्या क्लीनिंग कॅसेटींवर माझा विश्वास नव्हता, काही तर सँडपेपर असल्यासारख्या असतात. झाकण काढायचं, शॅमॉय चामड्याची काडी आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये बुडवून ड्रमला हलकी टेकवायची आणि ड्रम हाताने फिरवायचा. काडी हलवायची नाही, खाली वर तर अजिबातच नाही, हेडचा टवका उडतो. कापसाची काडी पण नको, त्याचे तंतू हेडच्या फटीत अडकतात. मग पूर्ण वाळू द्यायचं. चहाच्या वेळात वाळतं.

आता प्रत्यक्ष फॉरमॅट. टेप अगदी सुरुवातीला आणायची, कॅसेटच्या पाठीवरची टॅब शाबूत आहे ना बघायचं (तुटलेली असेल तर मशिन रेकॉर्डच करणार नाही, चिकटपट्टी लावायची मग), फॉरमॅटचं बटण दाबून रेकॉर्ड चालू. पहिली पंधरा सेकंद डिस्प्लेवर लीड असं काहीतरी दिसतं, ती लीडर. मग दोन मिनिटं डेटा असं दिसत राहतं. आणि मग शून्य शून्य शून्य पासून घड्याळ सुरू. नवीन माणसाला ती सव्वा दोन मिनिटं फुकट गेली असं वाटतं. फुकट नाहीत. एलेसिसचा बीआरसी नावाचा मोठा रिमोट होता, टेबलाएवढा नाही पण चांगला ऐसपैस, त्याच्यात गाण्यांची नावं, कुठे अंतरा सुरू होतो त्या खुणा, पंच इनच्या जागा असं सगळं ठेवता यायचं आणि ते सगळं त्या दोन मिनिटांच्या डेटाच्या जागेत टेपवरच सेव्ह व्हायचं. म्हणजे टेप दुसऱ्या स्टुडिओत नेली की गाण्याचा नकाशाही बरोबर जायचा. आमच्याकडे बीआरसी नव्हता, आमचा नकाशा वहीत. पण जागा रिकामी असली तरी सोडावीच लागते.

नंतर चाळीस मिनिटं गप्प बसायचं. यात पळवाट नाही. कॉम्प्युटरच्या डिस्कसारखं क्विक फॉरमॅट वगैरे प्रकार नाही, टेप आपल्याच वेगाने जाणार, चाळीस मिनिटांच्या टेपला चाळीस मिनिटं अधिक ती सव्वा दोन. तीन मशिनं असली तर तिन्हींत टेपा टाकून एकदम करता येतं, तेवढीच बचत. गणपतीच्या आधीचे दोन महिने आमच्याकडे आरत्या आणि भक्तिगीतांच्या कॅसेटींचं काम वाहत असायचं, सकाळ संध्याकाळ शिफ्टा, मग टेपा फॉरमॅट करायच्या रात्री. मी एका कोपऱ्यात मासिक वाचत बसायचे आणि मान वर करून डिस्प्लेकडे बघायचे. एकदा एक कीर्तनकार बुवा वेळेच्या फार आधी आले आणि बसून बघत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "काय गं, हे चालू आहे तर आवाज का येत नाही?" म्हटलं, "बुवा, आत्ता शांतता रेकॉर्ड होतेय." त्यांना ते इतकं आवडलं की पुढच्या कीर्तनात पूर्वरंगात त्यांनी ते घातलं असं नंतर कळलं. पण खरंच तेच आहे, फॉरमॅट झालेल्या टेपवर आठही ट्रॅकवर शुद्ध डिजिटल शांतता असते.

सगळ्यात मोठा शत्रू लाइट. ज्यांनी त्या वर्षांतलं महाराष्ट्रातलं लोडशेडिंग अनुभवलंय त्यांना वेगळं सांगायला नको. एकतिसाव्या मिनिटाला लाइट गेली की टेप एकतीस मिनिटांपर्यंत फॉरमॅट आणि पुढे कोरी, आणि लाइट गेली त्या जागी खुणा अर्धवट. तिथून पुढे वाढवता येतं, मशिनमध्ये ती सोय आहे, फॉरमॅट झालेल्या भागातच थोडं मागे येऊन प्ले करायचं आणि चालू असतानाच तिथून फॉरमॅट पुढे न्यायचं म्हणजे घड्याळ सलग राहतं. पण जर चुकून कोरा तुकडा मध्ये राहिला तर मशिन तिथे भांबावतं, घड्याळ तुटतं, सिंक सुटतं. काहीच रेकॉर्ड केलेलं नसेल तर माझा सरळ नियम होता, मागे जा आणि पहिल्यापासून परत. पुढे दादांनी यूपीएस आणला, तो मिक्सर आणि स्पीकरसाठी नाही तर फक्त तीन एडॅटसाठी, आणि मला विचाराल तर स्टुडिओतला सगळ्यात शहाणपणाचा खर्च तोच.

आता मुख्य भांडण. एडॅटवर फॉरमॅट करता करताच रेकॉर्ड करायची सोय होती. म्हणजे कोरी टेप टाका, ट्रॅक रेकॉर्डला लावा, आणि मशिन खुणाही घालेल आणि गाणंही लिहील. ही सोय दिली कशाला हे मला समजतं, लाइव्ह कार्यक्रम असेल, एक टेप संपली आणि दुसरी तयार नाही, तेव्हा ती देवासारखी. पण स्टुडिओत? गायिका चांगली रंगलीय, तिसऱ्या मिनिटाला तिने हात केला थांबा, तुम्ही थांबलात, तिथपर्यंतच फॉरमॅट. आता मागे जाऊन तिथून परत वाढवायचं, परत थांबले, परत वाढवायचं. एकाच टेपवर सांधे. दोन मशिनं असली तर दुसऱ्या टेपवरही तेच सांधे. प्रत्येक सांधा म्हणजे पुढे कधीतरी अडकायची जागा. आणि ज्याच्या हातात माउस नाही फक्त बटणं आहेत त्या माणसाचं अर्धं लक्ष फॉरमॅटकडे आणि अर्धं गाण्याकडे. मोठमोठे इंजिनियर हे करायचे, मी बघितलंय, आणि त्यांना ते निभावून नेता यायचं, पण म्हणून ती पद्धत होत नाही. टेप आधी पूर्ण फॉरमॅट, मगच माइक लावा.

फॉरमॅट झाल्यावर तपासणी. अख्खी परत वाजवायला अजून चाळीस मिनिटं, तेवढा वेळ कोणाकडे नसतो, मग मी सुरुवात, मधला भाग आणि शेवट असं थोडं थोडं वाजवून बघायचे आणि डोळे डिस्प्लेच्या कोपऱ्यातल्या बारीक ठिपक्यावर. टेपवरून वाचताना चुका होतच असतात, त्या मशिन स्वतः दुरुस्त करतं आणि तुम्हाला कळतही नाही. पण दुरुस्तीच्या पलीकडे चूक गेली की मशिन मागचा पुढचा सॅम्पल बघून मधला अंदाजाने भरतं, आणि तेव्हा तो ठिपका लुकलुकतो. आणि अंदाजही जमत नसेल तर आवाज बंद. आता गंमत अशी की अंदाजाने भरलेलं कानाला बरेचदा कळत नाही, त्यामुळे लोक म्हणायचे ऐकायला तर ठीक आहे. कोऱ्या टेपवर आजच ठिपका लुकलुकतोय तर शंभर वेळा पुढे मागे झाल्यावर काय होईल? असली टेप बाजूला.

टेप ज्या मशिनवर फॉरमॅट झाली तिथेच रेकॉर्ड व्हावी हा अजून एक नियम. कागदोपत्री सगळी एडॅट सारखी. प्रत्यक्षात प्रत्येकाच्या टेप ओढण्यात, हेडच्या उंचीत केसभर फरक असतो, एकाची टेप दुसऱ्यात चालते पण ठिपका जास्त लुकलुकतो. म्हणून लेबलवर १, २, ३ असा मशिनचा नंबर, तारीख, ४८ का ४४.१ (सेकंदाला किती हजार सॅम्पल), फुल्या, आणि गाणं कुठून सुरू करायचं. जुन्या मशिनवर ४४.१ मिळवायचं तर पिच खाली ओढून मिळवावं लागायचं, एक्सटीवर फॉरमॅट करतानाच निवडता यायचं, पण आम्ही सगळं ४८ वरच ठेवायचो, कारण शेवटी मिक्स अ‍ॅनलॉग मिक्सरमधून होऊन डॅटवर (छोटी डिजिटल ऑडिओ कॅसेट) जाणार होतं, तिथे ४४.१ करून घेतलं की सीडीवाल्याचंही काम भागायचं. आणि गाणं कधीच शून्यापासून सुरू करायचं नाही, एक मिनिटापासून. प्ले दाबल्यावर मागची मशिनं पहिल्याला गाठायला काही सेकंद घेतात, तेवढी जागा त्यांना मागे हवी. लेबल फक्त कॅसेटच्या पाठीवर चिकटवायचं, तेही नीट दाबून. वर मधोमध मोठं लेबल लावून कोणी टेप आणली की मी ते आधी सोलायचे, मशिनच्या आत सुटून अडकलेलं लेबल काढणं म्हणजे अर्धा दिवस गेला.

एडॅटसारखंच आठ ट्रॅकचं दुसरं मशिन म्हणजे टॅसकॅम कंपनीचं डीए-८८, त्यावर मी कमी काम केलंय, तेव्हा थोडक्यात. ते १९९३ चं, त्यात हाय-एटची छोटी कॅसेट, १२० च्या टेपवर एक तास अठ्ठेचाळीस मिनिटं, सिनेमा आणि सिरियलवाल्यांना म्हणून ते जास्त आवडायचं. तिथेही फॉरमॅट आधी, तेही पूर्ण वेळ, म्हणजे सकाळी लावलं तर दुपारचं जेवण. तिथे फॉरमॅट करताना ४४.१ का ४८ निवडलं की निवडलं, नंतर बदलणं नाही. आणि इथेही तीच पाल एनटीएससीची गोम, त्यांची १२० म्हणजे आपल्या डबीवर ९० लिहिलेलं असायचं.

आता कोणी नवीन टेप फॉरमॅट करत नाही, पण घराघरांत आणि बंद पडलेल्या स्टुडिओंच्या माळ्यावर फॉरमॅट केलेल्या, भरलेल्या टेपा पडून आहेत आणि त्या ट्रान्सफर करायच्या म्हणून लोक जुनं एडॅट शोधतात. त्यांच्यासाठी एवढंच. सगळ्यात आधी पाठीवरची टॅब तोडा, मशिनमध्ये घालायच्या आधी, कारण या मशिनवर फॉरमॅटचं बटण आहे आणि घाईत बोट कुठेही जातं. खिडकीतून टेपच्या गुंड्याळीकडे बघा, पांढरी पावडर किंवा जाळी दिसली तर ती बुरशी, मशिनमध्ये अजिबात घालू नका, ती साफ करणारा माणूस आधी शोधा. घालायच्या आधी मशिनची रबरी रोलरं बघून घ्या, इतक्या वर्षांत ती कडक नाहीतर चिकट झालेली असतात, आणि एखादी बिनकामाची टेप आधी चालवून बघा. मग खरी टेप एकदा पुढे, एकदा मागे, वर सांगितली तशीच पॅक करा, घाई न करता. ऑप्टिकल केबलने आठही ट्रॅक एकदम कॉम्प्युटरात घ्या, त्या केबलची जागा, एडॅटची लाइटपाइप, आजच्या कितीतरी ऑडिओ इंटरफेसवर (आवाज कॉम्प्युटरात घ्यायच्या डब्यांवर) अजून आहे, मशिन गेलं पण त्याचं भोक राहिलं. क्लॉक, म्हणजे सॅम्पल मोजायची डिजिटल लय, एडॅटची धरा, कॉम्प्युटरची नाही, नाहीतर मध्ये मध्ये टिकटिक येईल. दोन तीन मशिनच्या टेपा असतील तर सगळ्या एका वेळी सिंकमध्ये घ्या, एकेक करून घेतलं तर नंतर जुळवत बसाल. टेप मध्येच थांबवून ठेवू नका, ड्रम फिरत असतो आणि टेप घासत असते, थांबायचंच असेल तर स्टॉप परत एकदा दाबा म्हणजे टेप ड्रमवरून सुटते. आणि पहिली सव्वा दोन मिनिटं काहीच ऐकू आलं नाही तर घाबरून स्टॉप दाबू नका.